लॉराचं पुस्तक खरंच रद्दीत घालायचं?

माळकरीण
परवा इथे एका ताईंनी लिहिलं की लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेचं, तिच्या लहानपणावरचं 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' पोरांना देऊच नका, रद्दीत घाला, तिथल्या मूळ रहिवासी इंडियन लोकांबद्दल विष आहे त्यात. तेव्हापासून डोकं तापलंय. मागच्या पावसाळ्यात मी लेकीला रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवलं. लॉराचे बाबा ओंडक्यावर ओंडका रचून घर उभं करतात, खिळे नाहीत म्हणून दाराला लाकडी खुंट्या ठोकतात, अख्खं घर हिवतापाने आडवं होतं, हे कुठे वाचायला मिळतं आजकालच्या पोरांना? आणि लॉरा स्वतःच आईला विचारते की तुला ही माणसं आवडत नाहीत तर आपण त्यांच्या मुलखात आलोच कशाला. ज्या पुस्तकात पोरगी हे विचारते ते विषारी कसं?

सरळरेघ
ती ताई मीच. विचारते बरोबर, पण उत्तर काय मिळतं? बाबांना विचारते तेव्हा ते म्हणतात आता प्रश्न पुरे, झोप. 1935 च्या पुस्तकात सुरुवातीलाच होतं की तिकडे माणसंच नाहीत, फक्त इंडियन राहतात. एका वाचकाची तक्रार आली तेव्हा 1953 च्या आवृत्तीत शब्द बदलला. अठरा वर्षं छापत होते! आणि कॅन्ससमधली ती जमीन ओसेज या इंडियन जमातीची राखीव होती, 1869 ला लॉराचं इंगल्स कुटुंब तिथे पोचलं तेव्हा विक्रीलाच नव्हती. याला आपल्याकडे घुसखोरी म्हणतात.

जुनापुराणा
अहो गरीब माणूस होता लॉराचा बाप, पोटासाठी गेला. हिवतापात घर वाचवणारा डॉक्टर टॅन काळा आहे, त्याच्याबद्दल किती आदराने लिहिलंय ते पण सांगा की.

सरळरेघ
सांगते. याच मालिकेच्या पुढच्या एका भागात तेच बाबा तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची नक्कल करतात आणि लोकांना हसवतात, ते तुम्ही सांगा.

बुडीतगाव
'गरीब होता' हे ऐकून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमचं गाव धरणात गेलं. कागदावर आमच्या माळाला पडीक लिहिलेलं, तिथे आमची गुरं चरायची, पणजोबांना तिथेच अग्नी दिलेला. आजी मरेपर्यंत पाण्याकडे बघून सांगायची इथे आपला उंबरठा. रिकामी जमीन म्हणणाऱ्या कुठल्याही पुस्तकाचं कौतुक मला सांगू नका.

कालव्याकाठी
दादा, दुसरी बाजू पण ऐका. तुमच्यासारख्या धरणग्रस्तांना द्यायला आमच्या काकांची चार एकर काढून घेतली, पिकतं रान. मग तुम्ही ओसेज की इंगल्स?

बुडीतगाव
शब्द मागे घ्या. आम्ही हौसेने गाडी जुंपून आलो नव्हतो, आमच्या घरात पाणी शिरलं होतं. दोन वर्षं आडावर पाणी भरू दिलं नाही आम्हाला, आई दीड मैलावरून हंडे आणायची.

कालव्याकाठी
पाण्याचं खरं आहे, आमच्या आईनेही सांगितलंय, ते चुकलंच आमचं. पण काका शेत गेल्यावर पुन्हा कधी उभे राहिले नाहीत हेही तितकंच खरं आहे, आणि ते कुणी विचारायला आलं नाही.

जुनापुराणा
धागा पुस्तकाचा आहे ना?

बुडीतगाव
पुस्तकाबद्दलच बोलतोय मी.

मिनेसोटाची_आई
आमच्याकडे शाळेत मुलाला लुईज एर्ड्रिक यांचं 'द बर्चबार्क हाऊस' दिलं, ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीतल्या मुलीची गोष्ट. तेही घर, तेही कष्ट, तोही हिवाळा, आणि देवी आल्यावरची मरणं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर लॉराचं काही बिघडत नाही.

माळकरीण
2018 ला लॉराच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार होता त्याचं नाव बदललं तेव्हा मला फार राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण बुडीतगाव दादांचं वाचून गप्प बसले तासभर. ठीक आहे, लहान मुलाच्या हातात एकट्याने नाही देणार. रद्दीत मात्र घालणार नाही. शेवटी ओसेजांची रांग घरासमोरून जाते आणि लॉरा काळ्या डोळ्यांच्या बाळासाठी रडते, तिथे लेकीने विचारलं होतं, ते बाळ पुढे कुठे गेलं? मला सांगता आलं नाही.

सरळरेघ
ओक्लाहोमाला. 1870 च्या कायद्याने कॅन्सस सोडावं लागलं त्यांना. आणि तिकडची जमीन त्यांनी आपल्या पैशाने विकत घेतली, हेही सांग तिला.