पूरस्मरणाच्या भजनात बायका-पुरुषांचा स्वर एक कसा करावा?

वेदगंगाकाठ: ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेलेल्यांसाठी निपाणी भागातल्या एका देवळात ३० जणांचं भजन बसवायचंय. पुरुषांना काळी १ (पेटीची पहिली काळी पट्टी) सोयीची, बायका काळी ४ मागतात. मधे गेलेल्यांची नावं वाचायची आहेत. एक पद कन्नडही घ्यायचंय. कसं जमवावं, सांगा की.

पेटीमास्तर: षड्ज (सा) एकच धरा, पुरुष खालच्या सप्तकात गातील, बायका वरच्या. आधी चालीचा पल्ला बघा. मंद्र पंचम ते मध्य धैवत (खालच्या सप्तकातला प ते मधल्यातला ध) एवढ्यातच फिरत असेल तर काळी १ दोघांनाही पेलते. तार षड्जाला (वरच्या सा ला) जात असेल तर काळी ५ घ्या, पण मग मंद्रात उतरणारी चाल नको, पुरुषांचा आवाज तिथं विरतो.
पावसाळी हवेत पखवाजाचं कातडं सैल पडतं. अर्धा तास आधी देवळात आणून ठेवा, मगच गठ्ठे (पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोका. डाव्या तोंडाची कणीक अगदी ऐनवेळी लावा; सुकली की स्वर चढतो.

दोनभाषी: कन्नड पद देवनागरीत लिहून दिलं की हमखास घोटाळा होतो. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, आपण सगळे लांबवतो. ‘कोडु’तला ओ तोकडा म्हटला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. अर्थ तर जातोच, पण मात्रा वाढून ओळ समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) पुढं सांडते. ऱ्हस्व अक्षरांवर लाल टिंब द्या. गावातल्या कन्नड माणसाकडून ओळ आधी बिनचालीची, हातावर ताल धरून म्हणून घ्या. चाल त्यानंतर.

धृपदकरी: नावांचा भाग सर्वांत जपून करा. पखवाज, टाळ पूर्ण बंद. पेटीवर नुसता सा-प. पाच नावं, मग सगळ्यांनी धृपदाची (पालुपदाची) एक ओळ बिनठेक्याची, पुन्हा पाच नावं. ठेका चालू राहिला तर वाचणारा नावं त्यात बसवायला बघतो आणि लांब नाव अर्धं गिळलं जातं. समोर त्या माणसाची आई बसलेली असते. म्हणून प्रत्येक नावाचा उच्चार आधी त्यांच्या घरी जाऊन विचारून घ्या, आणि वाचायला दुःखातल्या घरचा माणूस नको.
हुंदका आला की गळा आवळतो, वरचे स्वर पहिले जातात. धृपद मध्य पंचमाच्या वर नेऊ नका. म्होरके दोन ठेवा, दोन टोकांना. एकाचा आवाज भरून आला तर दुसऱ्यानं ओळ उचलायची. शेजारी बसलेल्यांनी एकाच जागी श्वास घेऊ नये, म्हणजे एखादा थांबला तरी स्वर तुटत नाही. ज्याला गाता येईना त्याला उठवू नका, रांगेतच बसू द्या.

वेदगंगाकाठ: उच्चाराचं डोक्यातच नव्हतं, उद्यापासून घरोघरी जातो. टाळ सगळ्यांच्या हातात द्यायचे का?

पेटीमास्तर: चारच जोड्या, पखवाजाला लागून. तीसही जणांनी वाजवले तर लय चढत जाते आणि शब्द झाकले जातात.