वाड्यातल्या कोठाराला ओल – मदत हवी आहे (अर्जंट)

अंबाझरीवाला: उमरेडकडे आमचा जुना मालगुजारी वाडा आहे (मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार). धान्याच्या खोलीत ओल येते, पोत्यांना खालून बुरशी धरते. हरभरा कापणीला आलाय. कोणतं वॉटरप्रूफिंग मारू? कंपनी आणि भाव सांगा, मिस्त्री उद्या येतोय.

कवेलू: खोली जमिनीवर की बळद, म्हणजे जमिनीखालचं कोठार? भिंत मातीची, विटांची, दगडाची? काहीच सांगितलं नाही तुम्ही.

हाव_ना_भाऊ: वॉटरप्रूफिंग सोडा राजेहो, पत्र्याच्या कोठ्या घ्या. कडुनिंबाचा पाला टाकला की सोंडे बी नाही लागत.

कवेलू: ओला दाणा पत्र्यात कोंडला तर आणखी लवकर कुजेल. कोरड्या बाटलीत थोडं धान्य नि कोरडं मीठ टाकून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. गहू १२च्या आत आला की मगच भरा.

हाव_ना_भाऊ: आमच्या आजीला मीठबीठ लागत नव्हतं. दाणा दाताखाली कट्ट वाजला की कोठीत.

अंबाझरीवाला: दाणा वाळलेलाच असतो हो. खोली जमिनीवर, दगडी जोतं, वर विटा. कमरेपर्यंत सिमेंट आहे, त्याच्या वर पोपडे.

चुनखडी: सिमेंट? जुन्या वाड्यात?

अंबाझरीवाला: काकांनी उंदरांसाठी आतून-बाहेरून करून घेतलं होतं. त्याचा काय संबंध?

चुनखडी: तोच तर संबंध! भिंतीच्या पायातली ओल विटांतून वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जायची, सिमेंटनं तिची वाट बंद केली, म्हणून जिथे सिमेंट संपतं तिथे फुटते. वॉटरप्रूफिंग मारलं तर आणखी वर चढेल. सिमेंट उतरवा, भिंत उघडी सुकू द्या, मग चुना. आणि छपराच्या कवेलूंवरचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडतं का ते पाहा. काळी माती पाणी धरून ठेवते.

जुनी_वही: मालगुजारी १९५१ मध्ये गेली, म्हणजे वाडा त्याआधीचा. मूळ काम चुन्याचंच असणार. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती!

हाव_ना_भाऊ: १९५६ मध्ये तीही गेली. आता त्यावर नका सुरू होऊ.

वीकेंड_भटक्या: कऱ्हांडला अभयारण्य जवळच आहे. कोठाराचा होमस्टे करा ना, मस्त चालेल.

अंबाझरीवाला: हरभरा कुठे ठेवू, पाहुण्यांच्या पलंगाखाली?

कवेलू: यंदा दुसऱ्या कोरड्या खोलीत ठेवा. खाली लाकडी फळ्या, पोती भिंतीपासून हातभर लांब. आणि धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू नका, त्यांतून निघणारा वायू माणसालाही मारतो.

अंबाझरीवाला: मिस्त्रीला फोन केला. म्हणतो, चुन्याचं काम आपण करत नाही. उमरेड-भिवापूरकडे कोणी करणारा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. सिमेंट काढायला उद्या त्यालाच लावतो.

चुनखडी: छिन्नीनं हळू काढायला सांगा. ब्रेकर लावू देऊ नका, विटा सुटतील.