कोरोनाबंदीतला बालमंदिराचा निधी मोडून एसी आणि टीव्ही घ्यायचा का?

दांडियाबाजारची आई:

रविवारच्या पालक बैठकीत ठराव येतोय. कोरोनात पालकांनी मिळून जो निधी उभा केला होता, त्यातली शिल्लक काढायची आणि लहान गटाच्या खोलीत एसी आणि भिंतीवरचा मोठा टीव्ही घ्यायचा. माझा याला विरोध आहे. बैठकीत दोन मिनिटांत हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून इथे लिहिते.

नव्या पालकांसाठी थोडं मागचं. मार्च २०२० च्या मध्यात गुजरातेतल्या शाळा बंद झाल्या. मोठ्यांचे वर्ग टप्प्याटप्प्याने उघडले, पहिली ते पाचवी २२ नोव्हेंबर २०२१ ला. बालमंदिरं आणि आंगणवाड्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला, १७ फेब्रुवारी २०२२ ला. म्हणजे जवळजवळ २३ महिने कुलूप. माझी थोरली तेव्हा ज्युनियर केजीत होती, आता धाकटा त्याच बालमंदिरात जातो.

आपलं बालमंदिर कुठल्या मोठ्या ट्रस्टचं नाही, साखळीतलं तर नाहीच. बडोद्याच्या एका पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्लीतल्या, जुन्या वाड्याचा तळमजला भाड्याने घेतलेला, दोन गुजराती बेन, एक मराठी बाई, एक मावशी, आणि मुलांची ने-आण करणारे दोन रिक्षावाले काका. फी आली तर पगार होतात. एप्रिलमध्ये वाड्याच्या मालकांनी आपणहून भाडं अर्धं केलं, हे मुद्दाम नोंदवते. उरलेल्या भाड्यासाठी आणि पगारांसाठी पालकांनी ठरवलं की ज्याला जमेल त्याने अर्धी फी द्यायची, ज्याला जास्त जमेल त्याने जास्त, आणि ज्याला जमणार नाही त्याला कोणी काही विचारायचं नाही.

त्या पैशावर मावशींचा पगार एकही महिना चुकला नाही. बाई आणि बेनचा कमी झाला, पण थांबला नाही. एका काकांनी रिक्षातून भाजी विकायचं ठरवलं तेव्हा पहिल्या मालाचे पैसे निधीतून दिले, आणि अख्ख्या पोळाने भाजी त्यांच्याकडूनच घेतली. त्या दोन वर्षांत आजूबाजूची छोटी प्ले स्कूल कशी मिटली ते सगळ्यांनी पाहिलंय. पाट्या उतरल्या, छोट्या खुर्च्या भंगारवाल्याकडे गेल्या. आपली मुलं आज जिथे जातात ते दार उघडं राहिलं ते या निधीमुळे.

म्हणून तो मोडू नका. उलट दर महिन्याला प्रत्येकाने थोडी भर घाला आणि नियम लिहून काढा. पुढचं संकट कोरोनाचंच असेल असं कुठे आहे? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मावशींच्या वस्तीत गादी, धान्य, गॅस सगळं गेलं. तेव्हा निधी होता म्हणून दुसऱ्या दिवशी मदत पोचली, वर्गणी गोळा करत बसावं लागलं नाही.


मकरपुऱ्याचा बाप:

ताई, चित्र फार सुंदर काढलंत. आता दुसरी बाजू ऐका.

मी जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मशीनवर काम करतो. लॉकडाऊन लागला, कारखाना बंद, एप्रिलचा पगार आला नाही. मे महिन्यात थोडासा आला. कोणी विचारायचं नाही असं ठरलं होतं म्हणता, मग पालकांच्या ग्रुपवर यादी कोणी टाकली? कोणी किती दिले ते नावानिशी. ज्यांची नावं यादीत नव्हती ती कोणाची, हे पोळात सगळ्यांना कळलं. माझ्या बायकोने दुधाच्या पैशातून काढून दिले, कारण खाली उतरलं की बायका बघायच्या. हे स्वखुशीने दिलेले पैसे नव्हेत.

तुम्ही निधी कायमचा करायला निघालात. म्हणजे दर महिन्याची वर्गणी, आणि पुन्हा कोणी दिली, कोणी नाही याची चर्चा. फी ठरलेली असते, ती झेपत नसेल तर माणूस दुसरं बालमंदिर शोधतो. ही वर्गणी म्हणजे ऐच्छिक म्हणायची आणि सक्तीसारखी घ्यायची. शिल्लक ज्याची त्याला परत करा. एसी नको, टीव्ही नको, निधीही नको.


दांडियाबाजारची आई:

यादी टाकली गेली हे खरं आहे. मी तेव्हाच ग्रुपवर विरोध केला होता आणि ती दोन दिवसांत काढायला लावली, पण तोवर ज्याला लागायचं त्याला लागलं होतं. तुमच्या घरी काय झालं ते मला आज कळतंय, आणि वाईट वाटतंय. म्हणूनच नियम लिहा म्हणते. नावं फक्त खजिनदाराला माहीत असावीत, आणि खजिनदार दरवर्षी बदलावा.

परत करण्याबद्दल मात्र मला पटत नाही. त्या वर्षीची निम्मी कुटुंबं पुण्याला, अहमदाबादला, कुठे कुठे गेली. ज्यांनी दिले त्यांनी बालमंदिर टिकावं म्हणून दिले होते.


हक्काचं बोला:

दोघांचंही भांडण चुकीच्या पत्त्यावर चाललंय.

मोठ्या शाळांच्या फीवर सरकार बोललं, हायकोर्ट बोललं. १६ जुलै २०२० च्या आदेशात सरकारने म्हटलं, शाळा प्रत्यक्ष उघडेपर्यंत फी घेऊ नका. ३१ जुलैला हायकोर्टाने ते रद्द केलं. सप्टेंबरच्या अखेरीस २५ टक्के फी माफी ठरली. या सगळ्यात पोळातल्या बालमंदिराचा, तिथल्या बेनचा विचार कुठे होता? शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. तीन ते सहा वर्षांचं मूल कायद्याच्या हिशोबात शाळेबाहेरच. नवीन शिक्षण धोरण २९ जुलै २०२० ला आलं आणि त्यात तीन वर्षांपासूनच्या पायाभूत टप्प्याचं मोठं कौतुक आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते असं तेच धोरण सांगतं. त्याच दिवशी या टप्प्याला शिकवणारी बाई घरी बसलेली होती आणि तिच्या पगाराची जबाबदारी कोणावरच नव्हती.

आत्मनिर्भर गुजरात सहाय योजना होती ना, म्हणाल. मे २०२० मध्ये २ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत. रिक्षावाले, न्हावी, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी. पण ते कर्ज होतं. पगार बुडालेल्या मावशीने कर्ज काढून काय करायचं? फेडणार कशातून?

आणि याच बडोद्यात! सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं. खर्च दरबाराचा होता, पोळातल्या बायकांच्या वर्गणीचा नव्हता. तुम्ही निधी कायम करता तेव्हा सरकारला मोकळं सोडता. पालक सांभाळून घेतायत म्हटल्यावर कोण कशाला नियम करेल?


माजी बाई, सलाटवाडा:

मी त्या बालमंदिरातली मराठी बाई. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

हक्काची भाषा मला मान्य आहे. पण २०२० च्या जूनमध्ये मला हक्क मिळेपर्यंत थांबता आलं नसतं. माझ्या घरी दोन माणसं औषधांवर होती. अर्धा पगार आला, त्यावर घर चाललं. तो पगार फुकट घेतला असं कोणाला वाटत असेल तर आम्ही काय करत होतो ते सांगते, कारण ते नव्या पालकांनी पाहिलेलं नाही.

सुरुवातीला सगळ्यांनी सांगितलं, ऑनलाइन घ्या. घेतला एक वर्ग. वीस चौकटी, त्यात अर्ध्या छताकडे बघणाऱ्या, एक मूल रडतंय, एक आई मागून उत्तर सांगतेय. मुलांनी स्वतःचंच तोंड स्क्रीनवर पाहिलं, बाकी काही नाही. नंतर जुलैत ऑनलाइन शिक्षणाबद्दल केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचना आल्या. त्यातही पूर्व-प्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांहून जास्त नको, आणि तीही पालकांशी बोलण्यासाठी, असंच होतं. आम्ही तोवर रस्ता बदलला होता.

दर सोमवारी खाकी पाकिटं भरायचो. पाकिटात मूठभर राजमा आणि मूठभर वाटाणे एकत्र केलेले, सुतळीचा तुकडा, मोठ्या भोकाचे लाकडी मणी, दोन रंगीत कागद आणि एक चिठ्ठी, आईला वाचता येईल त्या भाषेत, मराठी किंवा गुजराती. चिठ्ठीत एवढंच असायचं की राजमा आणि वाटाणे चमच्याने वेगवेगळ्या वाटीत काढू द्या, सांडले तर त्यालाच गोळा करू द्या, तुम्ही हात लावू नका. मावशी पाकिटांची पिशवी घेऊन पोळातून फिरायच्या. वरून आया दोरीने टोपली सोडायच्या, मावशी पाकीट टाकायच्या, टोपली वर. कित्येकदा टोपली रिकामी यायची नाही. कधी लिंबाचं लोणचं, कधी चार भाकऱ्या, एकदा मावशींच्या नातवाच्या मापाचे शिवलेले मास्क. मकरपुऱ्याच्या भाऊ, तुमच्या घरूनही टोपलीतून शेवेचं पाकीट आलं होतं. तुमच्या मिसेसनी दिलेलं. ते कोणत्या यादीत नव्हतं.

शुक्रवारी फोन. साधा फोन, व्हिडिओ नाही. प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं आणि आईशी दहा. आईशी जास्त, कारण रडू तिकडे यायचं.

आता टीव्हीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात की तीन-चार वर्षांच्या मुलाने बसून स्क्रीन बघायचा वेळ दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी असेल तितकं बरं. तो तास घरी कधीच संपलेला असतो. खोलीत टीव्ही लावून बालमंदिराने काय मिळवायचं?


वाघोडिया रोड:

एसीचा ठराव आम्हीच मांडलाय, म्हणून बोलतो. टीव्ही सोडून द्या, त्याचा आग्रह नाही. पण एप्रिलमध्ये ती तळमजल्याची खोली दुपारी साडेबारा वाजता कशी तापते ते येऊन बघा. एक खिडकी, तीही गल्लीत. गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी घामोळ्यांनी हैराण झाली. पैसे कधी तरी येणाऱ्या संकटासाठी ठेवायचे आणि आज मुलं तापलेल्या खोलीत बसवायची, हे मला समजत नाही. बडोद्याचा उन्हाळा दरवर्षी येतो.


निझामपुऱ्याचे आजोबा:

माझं मत कोणाला आवडणार नाही. तीन वर्षांच्या पोराला बालमंदिर हवंच कशाला? बंदीत आमचा नातू दोन वर्षं आमच्याजवळ होता. आजीने शुभंकरोती शिकवलं, मी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला शिकवलं. पोरगा सुधारला. आता तिसरीत चांगला चाललाय. घर असताना एवढा निधी आणि एवढी धावपळ कशासाठी चालली होती, मला तेव्हाही कळलं नाही.


नागरवाड्याची सून:

आजोबा, तुमची गच्ची होती. एप्रिल २०२० मध्ये आमचा नागरवाडा रेड झोन होता. गल्लीच्या तोंडाला बांबू, पोलीस, आत आम्ही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, त्यात सासरे आजारी. माझा मुलगा दिवसभर ‘आवाज करू नकोस’ एवढंच ऐकायचा. खाली खेळायला कोणी नाही, वर जायला गच्ची नाही.

त्याचं सिनियर केजी २०२०-२१ मध्ये होतं. म्हणजे ते घरात गेलं. जून २०२१ मध्ये तो पहिलीत गेला तोही मोबाइलवर, आणि वर्गाचं दार त्याने नोव्हेंबरमध्ये पाहिलं. तेव्हा त्याला रांगेत उभं राहता येत नव्हतं. दुसऱ्या मुलाने हात लावला की ओरडायचा. पेन्सिल धरायला तो लवकर शिकला, दुसऱ्याच्या शेजारी बसायला वर्ष लागलं. पोळातल्या बाईंचं पाकीट यायचं ते एवढंच त्याचं स्वतःचं असं काम होतं. राजमा-वाटाण्याचा डाव तो कोपऱ्यात बसून तासभर करायचा, आणि तेवढा वेळ घरात कोणी त्याच्यावर ओरडायचं नाही.

आम्ही तेव्हा एक पैसाही दिला नव्हता. पाकीट तरी आलं. मला कोणी ते बोलून दाखवलं नाही.


निझामपुऱ्याचे आजोबा:

सूनबाई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमच्या घराबद्दल माझं म्हणणं लागू होत नाही. माझ्या घराबद्दल ते कायम आहे.


हक्काचं बोला:

पाकिटांचं काम वाचून बाईंना नमस्कार. पण माझा प्रश्न तसाच उभा आहे. ज्या वस्तीत असे पालक नव्हते, तिथल्या मुलांना काय मिळालं? आंगणवाडीच्या कार्यकर्त्या आणि तेडागरबेन, म्हणजे तिथल्या मदतनीस, घरोघरी सुखडी (गूळ-तुपाच्या वड्या) वाटत फिरत होत्या, वर कोरोनाचे सर्व्हेही त्यांच्याच गळ्यात. मोठ्या वस्त्यांमधून त्यांच्याकडून पाकीट आणि फोन दोन्ही कसं व्हायचं? निधी ठेवायचाच असेल तर त्यातून एक काम करा. आपल्या शहरातल्या छोट्या बालमंदिरांना एकत्र आणून महानगरपालिकेकडे आणि राज्याकडे लेखी मागणी करा, की सक्तीने बंद ठेवाल तेव्हा इथल्या बाई-मावशींना किमान वेतन द्या. हे झालं तर मी स्वतः भर घालीन.


दांडियाबाजारची आई:

मागणी करायला मी पहिली सही करते. पण ती मंजूर होईपर्यंत शिल्लक राहू द्या. वाघोडिया रोडच्या भावांना एवढंच सांगते की उन्हाळ्यासाठी कूलर आणि मागच्या भिंतीत दुसरी खिडकी, याचा खर्च फीमधून काढू आणि मालकांशी मी बोलते. एसीचं लाइट बिल दर महिन्याला येणार, ते कोण भरणार याचं उत्तर ठरावात नाही.


मकरपुऱ्याचा बाप:

शेवेच्या पाकिटाचं मला माहीत नव्हतं. बायकोला विचारलं, ती म्हणाली हो.

तरी माझं मत बदललेलं नाही. महिन्याची वर्गणी नको. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, बंद डबा ठेवा, ज्याला टाकायचंय तो टाकेल, वही नको आणि नाव नको. एवढं मान्य असेल तर शिल्लक परत मागायचं मी सोडतो. नाहीतर रविवारी विरोधात हात वर करीन. आणि मावशींच्या पगारवाढीचा विषय आधी घ्या. दर वेळी तो शेवटी येतो आणि तोवर निम्मे लोक घरी गेलेले असतात.