तालमीचे किडनी शिबिर : तपासणी सरसकट असावी की निवडक?

निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

आमच्या तालमीकडे गणेशोत्सवाच्या वर्गणीतून काही रक्कम शिल्लक आहे आणि मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, जागतिक मूत्रपिंड दिनी, तिच्यातून शिबिर घ्यायचे ठरले आहे. तपासणी पेठेतील प्रत्येक प्रौढाची करावी, की फक्त मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांची आणि साठीपुढच्यांची, एवढाच वाद उरला आहे. माझे मत सरसकट तपासणीचे आहे. किडनीचे निम्मे काम थांबले तरी माणसाला बहुधा काही जाणवत नाही आणि पायाला सूज येईपर्यंत अनेकदा फार उशीर झालेला असतो. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस करावे लागते. ते सरकारी योजनेतून मोफत मिळाले तरी शहरापर्यंतची खेप आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार? जपानमध्ये १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासली जाते, मग आपल्याला एक दिवस का जड व्हावा?

पॅथॉलॉजिस्ट, राजारामपुरी

गुरुजी, हेतूबद्दल आदर ठेवूनच विरोध नोंदवते. समजा, हजार लोकांत खरे रुग्ण ५० आहेत, लघवीतील प्रथिने दाखवणाऱ्या पट्टीने त्यांतले ४० सापडतात आणि निरोगी ९५० पैकी शंभरात पाच जणांना ती चुकून दोषी ठरवते. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. अशा वेळी पट्टीवर दोष दिसलेल्या जवळपास ८८ जणांपैकी निम्म्याहून अधिक लोक निरोगी असतील. त्यात शिबिर तालमीत! किडनीचे काम रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून जोखतात आणि ते स्नायूंतून तयार होते, त्यामुळे कसलेल्या पैलवानाचा आकडा मुळातच चढा असतो. आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल तर तो आणखी चढतो, आणि जोर-बैठकांनंतर लघवीत काही काळ प्रथिनेही दिसतात. अशा धडधाकट पोराच्या हाती ‘किडनी बिघडली’ असा कागद दिलात तर त्याची आई आधी देवाला आणि मग काढेवाल्याकडे जाईल, आणि काही काढे व भस्मे किडनीला खरोखरच मारक असतात.

किडनीच्या जुनाट आजाराची व्याख्याच मुळी ‘तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला बिघाड’ अशी आहे. एका दिवसाच्या शिबिराने तिची पूर्तता होत नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांच्या सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा ठरवला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या फिजिशियनांच्या संघटनेने, धोका नसलेल्यांची अशी तपासणी करू नये, असे सांगितले.

निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

डॉक्टर, त्याच २०१३ मध्ये तिथल्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनेने त्या सल्ल्याला उघड विरोध केला होता, हेही सांगायला हवे होते. शिवाय तेव्हा हाताशी औषधे मोजकी होती. डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध मधुमेह नसलेल्यांच्याही किडनीची घसरण मंदावते, हे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसले, आणि त्याच वर्षी आपल्याकडे त्याचे मूळ पेटंट संपून ते स्वस्त झाले. उपचार बदलला असेल तर तपासणीचा जुना हिशेब पुन्हा मांडायला नको का?

पॅथॉलॉजिस्ट, राजारामपुरी

अवश्य मांडावा, पण त्या चाचणीत कोण होते हे पाहून. ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे किमान २०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून जाणाऱ्यांनाच तिच्यात घेतले होते. बिघाडाची रेषा ३० वर आहे आणि शिबिरात सापडणारे बहुतेक लोक त्या दोहोंच्या मध्ये असतील. त्या निष्कर्षांवरून त्यांच्याबद्दल ठामपणे बोलता येत नाही.

ऊस उत्पादक, शिरोळ

डॉक्टरताई, आपला ‘धोका असलेल्यांनाच तपासा’ हा मुद्दा मला पटतो, पण धोका आहे हे ज्याला ठाऊकच नाही त्याचे काय? आमच्या भागात रक्तदाबाचा पट्टा आयुष्यात दंडाला लागला नाही अशी पन्नाशीची माणसे आहेत. दुसरे असे, की आंध्रातील उद्दानम आणि मध्य अमेरिकेतील ऊसपट्टा इथे मधुमेह नसलेल्या शेतमजुरांच्याही किडन्या निकामी होतात. कारण पूर्ण उलगडलेले नाही. उन्हातले कष्ट आणि पाण्याचा तुटवडा यांच्यावर संशय आहे, इतकेच. आपल्याकडे तसे आहे असे मी म्हणत नाही, पण दिवसभर तोड करून रात्री वेदनाशामक गोळी घेणारा मजूर आपल्या निवडक यादीत कुठेच बसत नाही.

पॅथॉलॉजिस्ट, राजारामपुरी

हा मुद्दा मान्य आहे, आणि त्याने माझ्या यादीला धक्का बसतो. त्या आजारात लघवीतून प्रथिने फारशी जात नाहीत, म्हणजे गुरुजींची पट्टीही तिथे फसेल आणि रक्तातील क्रिएटिनिनच पाहावे लागेल. तेव्हा माझी सूचना अशी : रक्तदाब आणि साखर सर्वांची पाहावी, लघवी व रक्त त्यांत दोष आढळलेल्यांचे, साठीपुढच्यांचे आणि उन्हात राबणाऱ्यांचे घ्यावे, आणि ज्यांच्या अहवालात बिघाड दिसेल त्यांची नावे वहीत लिहून जूनमध्ये दुसरा नमुना घ्यावा. वही सांभाळणारा माणूस आधी ठरवा. तो मिळत नसेल तर शिबिर घेऊ नका.

ऊस उत्पादक, शिरोळ

जूनमध्ये नमुना कोणाचा घेणार? तोपर्यंत गाळप संपून, पट्टा पडून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बीडकडे परतलेल्या असतात. त्यांच्यासाठी पहिला नमुना गाळप सुरू झाल्यावर, डिसेंबरात, फडाजवळच्या पालांवर जाऊन घ्यावा लागेल. म्हणजे दुसरा मार्चमध्ये, तुमच्या त्या गुरुवारी, घेता येईल. मुकादमांशी मी बोलतो.