घरी ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन घ्यायचं तर किती पैसे घालावेत?

सातवी गल्ली, राजारामपुरी

घरात आम्ही चौघं. मी आणि बायको पक्के कॉफीवाले, आई दुपारी एक कप घेते, बाबांना चहाच लागतो. दोन वर्षं मोका पॉटवर काढली, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं दोन भागांचं भांडं. कॉफी कडक होते, पण त्यात वाफेचा दाब जेमतेम १-२ बार. एस्प्रेसोला ९ बार लागतात. वरचा तो सोनेरी, दाट फेस मोकात कधी येत नाही. दिवाळीत मुंबईला मित्राकडे फुल्ली ऑटोमॅटिक पाहिलं. बटण दाबलं, बीन्स दळले गेले, मिनिटभरात कप तयार. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मी ६५,००० बाजूला काढलेत. बायको म्हणते २५,००० च्या वर एक रुपया नको. भाऊ म्हणतो एकदाच घ्यायचंय तर दीड लाखाचं घे.

माझा हिशेब असा: दिवसाला ५ कप, मशीन ५ वर्षं चाललं तर ९,१२५ कप. म्हणजे मशीनचे कपाला साधारण ७ रुपये. बीन्स मला २५० ग्रॅमला ५५० पडतात, एका कपाला ९ ग्रॅम धरले तर २० रुपये. दूध ७-८ रुपये. एकूण ३५. मी जातो त्या कॅफेत कॅपुचिनो दीडशेच्या खाली मिळत नाही. मला ६५,००० रास्त वाटतात. तुम्हाला?

मोकावाली, मंगळवार पेठ

हिशेबात एक मोठी गफलत आहे. तुम्ही रोज ५ कप कॅफेत जाऊन पीत नव्हता, घरीच मोकात करत होता. मग तुलना दीडशेशी कशी? तुलना मोकाशी करा. बीन्स तेच, दूध तेच. मशीनने वाचवलं काहीच नाही, ६५,००० सरळ जास्तीचे गेले. ते चवीसाठी आणि सोयीसाठी द्यायचे असतील तर तसं म्हणा, मी अडवणार नाही. पण "पैसे वसूल होतात" हे म्हणू नका.

आणि बीन्सचा आकडा महिन्याचा करून बघा. ५ कप म्हणजे रोज ४५ ग्रॅम, महिन्याला १,३५० ग्रॅम, जवळजवळ ३,००० रुपये. पाच वर्षांत पावणेदोन-एक लाखाच्या पुढे. मशीनपेक्षा बीन्सच महाग! कॉफी बिघडते ती शिळ्या बीन्समुळे. भाजल्याची तारीख छापलेलं पाकीट घ्या, हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्या, ६-७ हजारांत काम होतं. वहिनींचं बरोबर आहे.

उद्यमनगर

भावा, मी पंप आणि व्हॉल्व्हच्या कामातला माणूस. अशी तीन-चार मशीन मित्रांची म्हणून उघडलीत, त्यामुळं आतलं सांगतो.

आत असतंय काय? ग्राइंडर, एक छोटा व्हायब्रेशन पंप, पाणी तापवायचा थर्मोब्लॉक, आणि ब्रू ग्रुप, म्हणजे पावडर दाबून त्यातनं पाणी ढकलणारा भाग. खोक्यावर १५ बार, १९ बार लिहिलेलं असतंय ती पंपाची जास्तीत जास्त ताकद. कॉफीला ९ च्या आसपासच पाहिजे. त्या आकड्यासाठी एक पैसा जास्त देऊ नको.

पैसे द्यायचे ते ब्रू ग्रुप बाहेर निघतोय का, त्यासाठी. फिलिप्स आणि डेलाँगीच्या घरगुती मशीनचा बाजूचं दार उघडून हातानं निघतो. नळाखाली धुवायचा, वाळवायचा, दोन रबरी रिंगांना खाण्यापिण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावायचं. माझ्या मित्रानं वर्षभर तो काढलाच नव्हता. काढला तर आत ओला चोथा साठून बुरशी धरलेली, आणि रिंग वाळून चिरलेली. ती रिंग शे-दीडशे रुपयांची. बदलली, मशीन सुरू. जुरा या महागड्या कंपनीच्या मशीनचा ग्रुप आतच बसवलेला असतो, त्यात गोळी टाकून मशीन स्वतः धुवून घेतं. ते भारी असेल, पण आपल्या हातात काही राहत नाही. म्हणून तुझ्या भावाचं दीड लाखाचं मला पटत न्हाय. कोल्हापुरात दुरुस्त होईल तेवढंच घ्यायचं.

ताराबाई पार्क

उद्यमनगरांनी सांगितलं ते लाखमोलाचं, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्याकडे लाखाच्या वरचं मशीन तीन वर्षं आहे. घर मोठं, येणं-जाणं सतत, दिवसाला १०-१२ कप होतात. स्वस्त मशीनच्या चोथ्याचा डबा लवकर भरतो, पाण्याची टाकी सारखी रिकामी. कप जास्त असतील तर जास्त पैसे घालण्यात शहाणपण आहे.

दुसरी गोष्ट मोकावाली ताईंसाठी. माझ्या आईच्या मनगटांना संधिवात आहे. मोकाचा खालचा आणि वरचा भाग घट्ट पिळायला तिला जमत नाही, सैल राहिला तर वाफ बाजूने निघते. ती कोणी रिकामं होईपर्यंत वाट बघत बसायची. आता दुपारी तीनला स्वतः उठते, कप ठेवते, बटण दाबते, आणि कप दोन्ही हातांनी धरून गॅलरीत जाऊन बसते. हे तुमच्या हिशेबात कुठल्या रकान्यात लिहिणार? मी तर यासाठीच पैसे मोजले आणि पुन्हा मोजेन.

मोकावाली, मंगळवार पेठ

आईंबद्दल लिहिलंत ते मनापासून पटलं, तिथे माझा वाद नाही. पण ते तुमचं घर झालं. धागाकर्त्यांनी आईंच्या हातांविषयी काहीच लिहिलेलं नाही.

शाहूपुरी

मी पोळलेला आहे, म्हणून लिहितो. ७० हजारांचं मशीन, चौदाव्या महिन्यात डिस्प्लेवर एरर आली आणि बंद. वॉरंटी बारा महिन्यांची. इथे सर्व्हिस सेंटर नाही, पुण्याला पाठवा म्हणाले. मूळ खोकं मी रद्दीत दिलेलं, नवीन पॅकिंग करून घ्यावं लागलं. मशीन २६ दिवसांनी परत आलं, वर ९,००० चं बिल. बिघाड कशाने? क्षाराने. आमच्या अपार्टमेंटला बोअरचं पाणी मिसळून येतं, आणि डिस्केलिंगचा, म्हणजे आतला क्षार काढायची आठवण देणारा दिवा लागला तरी ते काम मी चार महिने पुढे ढकलत होतो. चूक माझीही होती, हे कबूल.

तेव्हा किंमत विचारताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: सर्व्हिस कोल्हापुरात की पुण्यात, माणूस घरी येतो का, वॉरंटी वाढवायला किती. आणि घरच्या किटलीचा तळ बघा. पांढरा थर धरत असेल तर फिल्टर आणि डिस्केलरचा वर्षाचा खर्च आधी धरा.

गंगावेस

दुधाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. दुधाचं भांडं जोडलेलं मॉडेल साध्या वाफेच्या नळीच्या मॉडेलपेक्षा बरंच वर जातं, मी पाहिलं तेव्हा दहा-बारा हजारांचा फरक होता. कट्ट्यावरचं, म्हणजे समोर पिळून देतात ते म्हशीचं दूध आणत असाल तर हे पैसे वाचवा. उकळून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून, सकाळी साय पूर्ण काढली तरी त्यात स्निग्धांश राहतो. बारीक रबरी नळीत तो चिकटतो आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसली, क्षणभर वाफ सोडली की स्वच्छ. गार दूध, साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवायचं. म्हशीच्या दुधाला फेस असा दाट येतो की चमचा बुडवला तर खूण राहते.

नागाळा पार्क

अमेरिकेतून नातेवाईक स्वस्तात आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपल्यापेक्षा वेगळी. हीटर हजार-दीड हजार वॉटचा, त्याला तेवढा मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो, शिवाय पंप फ्रिक्वेन्सीवर चालणारा. वॉरंटीही इथे मिळत नाही.

शाहूपुरी

वहिनींच्या २५,००० बद्दल: त्यात सेमी ऑटोमॅटिक येतं, पण ग्राइंडर वेगळा. एस्प्रेसोला पुरेल असा इलेक्ट्रिक ग्राइंडर धरला तर तोही पंधरा-वीस हजार. मग ४५,००० ला पोचलातच, आणि सकाळी तोलणं, दाबणं, ओटा पुसणं आलं. आवड असेल तर त्यात खरा आनंद आहे. घाई असेल तर नको.

मोकावाली, मंगळवार पेठ

माझी एकच विनंती. तुमचे "दिवसाला ५ कप" कोणी मोजलेत? फ्रीजवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक कपाला एक रेघ मारा. मग आकडा ठरवा.

सातवी गल्ली, राजारामपुरी

रेघा मारल्या. नऊ दिवसांत ३१ कप. रोजचे साडेतीनसुद्धा नाहीत. मी ज्या ५ वर ठाम होतो ते रविवारचे निघाले.

तेव्हा हिशेब उलटा मांडला. मोकापेक्षा चांगला कप, तोही बटणावर, यासाठी कपामागे ७ रुपये जास्त द्यायची माझी तयारी आहे. ते पैसे वसूल होणार नाहीत, हे ताईंचं मान्य. पाच वर्षांत साधारण ६,३०० कप. ७ ने गुणलं तर ४४,००० च्या थोडं वर. म्हणून मर्यादा ४५,०००. वाफेच्या नळीचं, ब्रू ग्रुप बाहेर निघणारं. उरलेल्या २०,००० पैकी निम्मे दुरुस्ती आणि डिस्केलरसाठी बँकेत तसेच ठेवणार, बाकीचे बीन्सना.

रेघांमध्ये आणखी एक दिसलं. मी कामाला बाहेरगावी होतो त्या तीन दिवशी आईच्या नावाची एकही रेघ नाही. विचारलं तर म्हणाली, "तो वरचा भाग पिळायला जोर पुरत नाही रे, म्हणून राहू दिलं." बायकोने ते ऐकलं. २५,००० चा आग्रह तिने सोडलेला नाही, पण शनिवारी दुकानात येते म्हणाली. आमचेच बीन्स आणि बाटलीत गार दूध घेऊन तिघं जाणार आहोत, बटण आईला दाबायला देणार आहे.