मदत हवी आहे: तिरकी रेघ नागमोडी येते, पैसे रॅममध्ये घालू की वेगळ्या पेन टॅब्लेटमध्ये?

नमस्कार मंडळी,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. अक्षरं काढून देण्याची कामं करतो. लग्नपत्रिकेवरची नावं, गणेश मंडळांचे फलक, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या पाट्या आणि बेळगावातल्या दुकानांचे बोर्ड. फॉन्ट टाकून नाही, अक्षर हातानंच काढायचं. आमच्याकडं बहुतेक काम दोन लिप्यांत असतं. कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, म्हणजे वर मोठं कन्नड, खाली मराठी, आणि दोन्ही एकाच हातची वाटली पाहिजेत. पूर्वी कागदावर काढून स्कॅन करायचो, आता थेट स्क्रीनवर काढतो.

लॅपटॉप वापरलेला घेतलाय, स्क्रीन पूर्ण मागं वळणारा. ११.६ इंची, १३६६ × ७६८, पेंटियम सिल्व्हर एन५०००, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरणारी हार्ड डिस्क. पेन मायक्रोसॉफ्ट पेन प्रोटोकॉलचं, एएएए सेलवर चालणारं (हा सेल तालुक्याच्या गावी मागितला की दुकानदार एएएच काढून देतो, त्यामुळं ऑनलाइनच मागवावा लागतो). विंडोज १० आणि क्रिटा हा चित्रं काढायचा प्रोग्राम.

अडचण अशी. रेघ सावकाश ओढली की तिरकी रेघ सरळ येत नाही, बारीक लाटा उठतात. शिरोरेघ छान येते, उभा दंडही छान येतो. पण ‘र’ चा खाली जाणारा पाय, मात्रा, रफार, ‘स’ ची तिरकी जोड, इथं लगेच दिसतं. कन्नडमध्ये त्रास कमी होतो, कारण गोल वळणं आणि डोक्यावरचा तलेकट्टु मी झटक्यात काढतो. देवनागरीत मात्र ‘र’ चा पाय दमानं ओढल्याशिवाय वजन येत नाही, आणि दमानं ओढला की लाट येते.

बेळगावात दोन ठिकाणी दाखवला. दोन्हीकडं एकच उत्तर: “रॅम घाला की हो, मग बघा कसं पळतंय!” पळेल हे मलाही पटतं, पण रेघेचं दुखणं रॅमचं नाही असं माझं मत झालंय. कारण सांगतो. स्क्रीनवर प्लास्टिकची पट्टी धरून वेगवेगळ्या कोनांत सावकाश रेघा ओढून बघितल्या. लाटा सारख्याच अंतरानं येतात आणि स्क्रीनच्या त्याच त्याच जागी येतात. क्रिटा बंद करून दुसऱ्या साध्या प्रोग्राममध्येही तेच. चार्जर काढून बॅटरीवरही तेच. (आमच्या जुन्या घरात अर्थिंग धड नाही. चार्जर लावला की बोटाचा टच उड्या मारतो, तो बॅटरीवर थांबतो. लाटा थांबत नाहीत.)

माझ्या समजुतीप्रमाणं या पेनला स्क्रीनमधली टचचीच जाळी वापरावी लागते. पेन दोन तारांच्या मध्ये असलं की त्याची जागा अंदाजानं काढली जाते, त्या अंदाजात ठरावीक चूक राहते, आणि तिरकी रेघ एकामागून एक तारा ओलांडत जाते म्हणून ती चूक लाटेसारखी दिसते. वेगात ओढली तर कमी दिसते. हे बरोबर असेल तर रॅम ८ काय, १६ केली तरी ‘र’ चा पाय सरळ व्हायचा नाही. ज्यांनी असा लॅपटॉप आणि वेगळा पेन टॅब्लेट (लॅपटॉपला जोडून पेननं काढायची पाटी) अशी दोन्ही यंत्रं वापरलीत त्यांनी कृपया हे खात्रीनं सांगावं.

सध्या काम असं रेटतोय. क्रिटात ४ आणि ६ या कळांनी कॅनव्हास फिरतो, ५ नं सरळ होतो. त्यामुळं तिरकी रेघ उभी करून ओढतो. शिवाय भरपूर झूम करून काढतो, कारण लाटेचा आकार स्क्रीनवर तेवढाच राहतो आणि अक्षर मोठं झालं की ती त्यात मुरते. पण एवढ्याशा स्क्रीनवर झूम केलं की अख्खं अक्षर दिसत नाही, आणि अख्खं दिसल्याशिवाय तोल कळत नाही. स्टॅबिलायझर (रेघ आपोआप सावरणारी सोय) वाढवला तर लाट जाते, पण ‘क’ ची गाठ गोल होते आणि पेन पुढं, रेघ मागं असं होतं. शेवटी इंकस्केप या प्रोग्राममध्ये ट्रेस करून व्हेक्टर (कितीही मोठा केला तरी न फाटणारा आकार) करतो. ते करावंच लागतं, कारण फ्लेक्सवाल्याकडं कोरलड्रॉ आणि जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. अक्षराचा आकारच पाठवला की फॉन्टची भानगड उरत नाही. इंकस्केपमध्ये सिम्प्लिफाय (आकार साधा करणं) दिलं तर लाटा जातात, पण वेलांटीचं टोकही बोथट होतं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं दिसलं नाही तर हातानं काढण्यात अर्थच काय?

टिल्ट (पेनचा कल ओळखणं) नसलं तरी चालतं. चपट्या टोकाचा ब्रश ४५ अंशांवर कायम ठेवला की माझं काम भागतं.

आता रॅमबद्दल. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली ‘एसओडीआयएमएम’ दिसतं, स्लॉट १ पैकी १, म्हणजे बहुधा बोर्डावर सोल्डर केलेली नाही, बदलता येईल. १० × ६ फुटांचा फलक ७२ डीपीआयनं (इंचाला ७२ पिक्सेल) धरला तर ८६४० × ५१८४ पिक्सेल होतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या एका लेयरला (चित्राच्या एका थराला) जवळपास १८० एमबी. आठ-दहा लेयर झाले की ४ जीबीत श्वास घ्यायला जागा नाही, क्रिटा डिस्कवर लिहायला लागतं आणि ही डिस्क तर आधीच कण्हतेय. इंटेलच्या कागदावर एन५००० ला जास्तीत जास्त ८ जीबी लिहिलंय, एक दुकानदार मात्र १६ चालते म्हणतो. या प्रोसेसरवर कुणी १६ घालून रोज काम केलंय का?

बजेट सगळं मिळून दहा हजार. यात एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम, की एसएसडी आणि स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट? अशा टॅब्लेटच्या पेनात सेल नसतो आणि जाळी स्वतंत्र असते, म्हणून रेघ सरळ येते असं वाचलंय. भीती एवढीच की हात खाली आणि नजर वर ठेवून अक्षराचं वजन साधेल का. चित्रं काढणाऱ्यांना सवय होते हे ऐकलंय. अक्षरं काढणाऱ्या कुणाचा अनुभव असेल तर तो मला जास्त मोलाचा.

आणखी एक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे, पण ४ जीबीवर ते ओढेल असं वाटत नाही. लिनक्सवर अशा वळणाऱ्या लॅपटॉपचं पेन, दाब आणि स्क्रीनचं फिरणं नीट चालतं का?

भर: उत्तरांबद्दल मनापासून आभार. नवीन, दाबाच्या ४०९६ पातळ्या ओळखणारं पेन घ्या असं दोघांनी सुचवलंय. दाबाबद्दल माझी तक्रार नाही. पेन बदललं तरी खालची जाळी तीच राहणार, म्हणून तो खर्च सध्या बाजूला ठेवतोय. आयपॅड बजेटबाहेर आहे. एसएसडी आधी घालायची हे सगळ्यांचं एकमत दिसतंय, ती या आठवड्यात बसवून घेतो.

राहिला पेन टॅब्लेट. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर किंवा हुबळीत कुणाकडं असेल आणि तासभर हात चालवू दिला तर मी लॅपटॉप घेऊन येईन. ‘र’, ‘ख’ आणि ‘श्री’ सावकाश काढून बघायचे आहेत, बाकी काही नको. व्यक्तिगत निरोप पाठवा.