मध्यम किमतीचा एव्ही रिसीव्हर घेताना वॉट बघायचे की मागचं पॅनेल?

ध्वनिरेषा (धागाकर्ता)

"दीड लाखात होम थिएटर करायचंय, किती वॉटचा रिसीव्हर घेऊ?" हा प्रश्न दिवाळी जवळ आली की हमखास येतो. माझं ठाम मत आहे की रिसीव्हर (चित्र-आवाजाची सगळी जोडणी घेऊन स्पीकर चालवणारा अँप) पारखायला खोक्यावरच्या वॉटइतका निरुपयोगी निकष दुसरा नाही.

उदाहरणार्थ डेनॉन कंपनीचा एव्हीआर-एक्स१७००एच हा रिसीव्हर बघा. ८ ओहमचा (म्हणजे तेवढ्या रोधाचा) स्पीकर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती आणि दोन चॅनेल (एकेका स्पीकरची वाट) चालू, या अटींवर तो ८० वॉटचा. ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झ आणि एकच चॅनेल म्हटलं की तोच १४५ वॉटचा होतो. आतला ट्रान्सफॉर्मर तोच, बदलल्या त्या अटी.

आता हिशेब करू. ८ ओहमचा, ८८ डीबी संवेदनशीलतेचा (१ वॉटला १ मीटरवर ८८ डीबी आवाज देणारा) स्पीकर आणि सोफा ९ फुटांवर. अंतरामुळे साधारण ९ डीबी जातात. ७० डीबीच्या संवादाला एक अष्टमांश वॉट लागतो. थिएटरच्या संदर्भ पातळीवर एका चॅनेलची शिखरं १०५ डीबीपर्यंत जातात. घरात कुणी इतक्या मोठ्याने ऐकत नाही, त्यामुळे व्हॉल्यूम उणे १० वर धरला तर शिखर ९५ डीबीचं, आणि त्याला ४० वॉटच्या आत भागतं. ८० चे १०० वॉट केले की हाती येतो जेमतेम १ डीबी. त्यासाठी जास्तीचे पैसे का मोजायचे?

मग बघायचं काय? मागचं पॅनेल आणि रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज सुधारणारं सॉफ्टवेअर). एक्स१७००एचला सबवूफरची (खर्ज वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) दोन आउटपुट आहेत, पण दोन्हींतून एकच सिग्नल जातो. मुख्य चॅनेलचे प्री-आउट नाहीत, म्हणजे पुढे वेगळा पॉवर अँप जोडायची वाट बंद. करेक्शनला ऑडिसीचं एक्सटी. त्याच कंपनीच्या वरच्या एक्स३८००एचला चार स्वतंत्र सबवूफर आउटपुट, सगळ्या चॅनेलचे प्री-आउट, ऑडिसीची वरची आवृत्ती एक्सटी३२ आणि वर पैसे भरून डिरॅक हे दुसरं करेक्शन घ्यायची सोय. माझं म्हणणं: बजेट ताणा, पण रिसीव्हर या वरच्या वर्गातला घ्या. स्पीकर नंतर बदलता येतात.

निम्नस्वर

वॉटबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटच्या दोन वाक्यांशी अजिबात नाही.

दीड लाखातले निम्म्याहून जास्त रिसीव्हरला गेले, तर उरलेल्यात पाच स्पीकर आणि सब कुठला येणार? आठ इंची सब आणि डब्यासारखे सॅटेलाइट. मग एक्सटी३२ काय सुधारणार? जो सब ३५ हर्ट्झखाली आवाजच काढत नाही, त्याच्यातून कुठलंही सॉफ्टवेअर २० हर्ट्झ काढू शकत नाही.

खोलीचं गणितही मांडू. आपल्याकडचा नेहमीचा हॉल १० बाय १४ फूट, उंची साडेनऊ. लांबीचा पहिला अनुनाद (ज्या सुरावर खोली स्वतःच घुमते तो) ४० हर्ट्झला, रुंदीचा ५६ ला आणि उंचीचा ५९ ला. शेवटचे दोन एकमेकांना खेटून आहेत, म्हणून ५५ ते ६० च्या पट्ट्यात बेस फुगतो आणि स्फोट, ढोल, ट्रक सगळे एकाच सुरात घुमतात. हा फुगवटा करेक्शन छान दाबतं. पण लांबीच्या बरोबर मध्ये बसलात तर ४० हर्ट्झला खड्डा पडतो (तो सूर जवळजवळ नाहीसा होतो), आणि खड्डा भरून निघत नाही. ऑडिसी फार तर ९ डीबी वाढवतं. ९ डीबी म्हणजे आठपट पॉवर, आणि ती सगळी त्याच खड्ड्यात जिरते. सोफा दीड-दोन फूट मागे सरकवणं याला जास्त लागू पडतं आणि फुकट आहे.

म्हणून माझी वाटणी अशी: रिसीव्हरला एक तृतीयांश, बाकी स्पीकर आणि सबला. एक्स१७००एच पुरेसा आहे. दोन सारखे सब घ्या, एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. दोन्ही रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ५६ चा अनुनाद जागाच होत नाही, आणि समोरासमोर असल्यामुळे ४० चा दोघे मिळून मारतात. यासाठी दोन्हींना एकच सिग्नल गेलेला चालतो, किंबहुना तसाच जायला हवा.

ध्वनिरेषा

कागदावर सुरेख. पण फ्लॅटमध्ये मागच्या भिंतीच्या मध्यावर सोफा असतो आणि समोरच्या मध्यावर टीव्ही युनिट. प्रत्यक्षात एक सब युनिटच्या कोपऱ्यात जातो आणि दुसरा सोफ्याला टेकून. मग कानापासून दोघांच्या अंतरात १० फुटांचा फरक पडतो, म्हणजे जवळपास ९ मिलिसेकंद. ६० हर्ट्झच्या लाटेची एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची. अर्ध्या फेरीपेक्षा थोडा जास्त फरक झाला की दोन्ही सब एकमेकांचा आवाज खातात. दोन सब लावूनही बेस एकापेक्षा कमी, ही तक्रार इथूनच येते. स्वतंत्र आउटपुट असेल तर रिसीव्हर जवळच्या सबला ९ मिलिसेकंद थांबवतो आणि प्रश्न मिटतो.

निम्नस्वर

मुद्दा बरोबर, उपाय महाग. रिसीव्हरच्या एका सब आउटपुटला मिनीडीएसपी २x४ एचडी हा सिग्नल प्रोसेसरचा डबा जोडा. त्याची चार आउटपुट आहेत, प्रत्येकाला वेगळा विलंब, वेगळी पातळी आणि वेगळे दहा फिल्टर. मापायला यूमिक-१ माइक आणि आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर, जे फुकट मिळतं. आधी दोन्ही सब आपसात जुळवायचे आणि त्यानंतरच रिसीव्हरचं ऑडिसी चालवायचं. क्रम उलटा झाला तर ऑडिसीने मोजलेलं अंतर आणि पातळी दोन्ही फुकट जातात. पुढे रिसीव्हर बदललात तरी हा डबा तसाच राहतो.

तारजोडणी

दोघांनीही स्पीकर ८ ओहमचा धरलाय. दुकानात आज जे दिसतात त्यांतले कितीतरी ६ ओहमचे आणि मध्येच साडेतीन-चारपर्यंत घसरणारे आहेत. संवेदनशीलता बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवर सांगतात. ८ ओहमला ते १ वॉट, ४ ओहमला २ वॉट. म्हणजे ४ ओहमचा "८८ डीबी" स्पीकर वॉटच्या हिशेबाने ८५ चा. वरचे ४० वॉट इथे ८० होतात आणि प्रवाह दुप्पट. तेव्हा वॉटचा आकडा निरुपयोगी नाही, तो अर्धवट आहे. स्पीकरचा सगळ्यात कमी ओहम किती, हा प्रश्न त्याच्या जोडीला विचारायलाच हवा.

सातही चॅनेल एकदम पूर्ण जोरात हवेत ही अपेक्षाही सोडा. ७ गुणिले ८० म्हणजे ५६० वॉट. क्लास एबी अँपला (अशा रिसीव्हरमधला नेहमीचा प्रकार) त्यासाठी भिंतीतून ९०० च्या आसपास ओढावे लागतील. या वर्गातल्या ट्रान्सफॉर्मरच्या आवाक्यातलं ते नाही, आणि चित्रपटाच्या ध्वनिपटात तशी वेळही क्वचित येते.

दोन गोष्टी मात्र सगळेच चुकवतात. पहिली, स्पीकरची तार. "ऑक्सिजन फ्री" छापलेल्या स्वस्त गुंडाळीत अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. अस्सल तांब्याची २.५ चौरस मिमी तार १० मीटर नेली तर जाऊन-येऊन ०.१५ ओहमच्या आत बसते, ४ ओहमच्या स्पीकरलाही चालते. मागच्या सराउंड स्पीकरपर्यंत एवढीच लांबी जाते. याहून महाग तार कशाला?

दुसरी हवा. फर्निचरवाल्याला रिसीव्हरचं माप दिलं की तो बरोबर तेवढाच कप्पा करतो, वर काचेचं दार. वरून किमान ६ इंच मोकळे आणि मागची फळी कापलेली हवी. सेट टॉप बॉक्स रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवू नका, जाळी झाकली जाते. ४ ओहमचे स्पीकर असले की उष्णतेने प्रोटेक्शन लागतं, आवाज अचानक बंद होतो आणि लोक "मशीन खराब" म्हणून दुकानात घेऊन जातात.

साधाश्रोता

या सगळ्याला मुळातून विरोध करतो. या पैशात स्टिरिओ इंटिग्रेटेड अँप (दोन स्पीकर चालवणारा साधा अँप) आणि दोन चांगले स्पीकर घ्या. रिसीव्हरमध्ये बरीचशी किंमत एचडीएमआय, डीकोडर आणि परवान्यांची असते, आणि तोच भाग सगळ्यात लवकर जुना होतो. २०२० चं उदाहरण आठवा. डेनॉन, मरांट्झ, यामाहाच्या नव्या एचडीएमआय २.१ रिसीव्हरमधल्या चिपमध्ये दोष निघाला, एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेम कन्सोलचं ४के १२० हर्ट्झ चित्र काळं पडायचं. डेनॉन-मरांट्झने वेगळा ॲडॉप्टर दिला, यामाहाने बोर्ड बदलून दिले. स्टिरिओ अँपला असला आजार होतच नाही. २५ वर्षांपूर्वीचे अँप आजही वाजतायत.

समोरचीरांग

@साधाश्रोता, गाणी हेच मुख्य असेल तर तुमचं बरोबर. पण घरातल्यांची तक्रार नव्वद टक्के वेळा "संवाद कळत नाहीत" हीच असते, आणि तिथे सेंटर (पडद्यापाशी मध्ये ठेवायच्या) स्पीकरला पर्याय नाही. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला दोन स्पीकरमधला काल्पनिक मध्य जवळच्या स्पीकरकडे सरकलेला ऐकू येतो. सेंटर असला की आवाज पडद्यावरच राहतो. तो कप्प्याच्या आत ढकलू नका, पुढच्या कडेपर्यंत ओढा आणि खाली रबराचा तुकडा घालून तोंड कानाकडे करा. तरी कमी वाटला तर फक्त सेंटरची पातळी २ डीबी वाढवा.

२०२० च्या दोषाचं म्हणाल तर फक्त ओटीटी बघणाऱ्याला त्याची झळ लागलीच नाही. कन्सोल असलेल्यांनी मात्र दुकानातच ४के १२० हर्ट्झ लावून बघावं. डेनॉनमध्ये सिग्नल फॉरमॅट "८के एन्हान्स्ड" वर नेल्याशिवाय ते चालत नाही. ती सेटिंग न बदलता मशीनला दोष देऊ नका.

@ध्वनिरेषा, तुम्ही एक्सटी आणि एक्सटी३२ च्या फरकावर भर दिलात, पण एक्सटीसुद्धा बहुतेक घरांत नीट चालवलेलं नसतं. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला, पंखा चालू, आणि आठपैकी तीनच जागा मोजून "झालं". माइक तिपाईवर, कानाच्या उंचीला हवा. पंखा, एसी बंद. पहिली जागा मुख्य श्रोत्याची, बाकीच्या तिच्याभोवती दोन फुटांच्या आत. सबवरचा क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकरमधली सुरांची सीमा) कमालीवर, फेज शून्यावर. निकालात सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, ते खोडू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर त्यात धरलेला असतो. त्यानंतर सगळे स्पीकर "स्मॉल" (म्हणजे खर्ज सबकडे जातो) आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर. ऑडिसीने १०० सांगितला असेल तर १०० च ठेवा, खाली आणू नका. त्याच्याखाली त्या स्पीकरला दुरुस्ती लावलेलीच नसते.

ध्वनिरेषा

मोजणीच्या पद्धतीवर वाद नाही. तरी एक्सटी३२ च्या फिल्टरची बारकाई जास्त आहे, आणि फरक बेसमध्ये ऐकू येतो. आठही जागा मोजल्या म्हणून तो भरून येत नाही.

तारजोडणी यांचा ओहमचा मुद्दा पटला. मात्र सेटअपमध्ये ओहमची सेटिंग असते, तिच्याबद्दलही सांगा. स्पीकर ४ ओहमचे म्हणून लोक ती ४ वर नेतात आणि मग दम कमी झाला म्हणतात.

तारजोडणी

कारण ती सेटिंग अँपला मिळणारा व्होल्टेज खाली आणते. उष्णता कमी होते, पण शिखरंही लवकर कापली जातात. कंपनी ती सुरक्षेच्या नियमांसाठी देते. कप्पा बंद असेल, मशीन हाताला चटका देण्याइतकं तापत असेल, तर मॅन्युअलप्रमाणे ४ वरच ठेवा. हवा खेळती असेल आणि आवाज मध्यम, तर ८ वर चालतं असा सर्वसाधारण अनुभव आहे. वॉरंटीच्या काळात मात्र मॅन्युअल सोडू नका.

निम्नस्वर

एक राहिलं, ॲटमॉस (वरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत). रिसीव्हरमधले सात अँप म्हणजे ५.१.२, म्हणजे पाच स्पीकर, एक सब आणि वरचे दोन. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ चा विचारही नको, मागच्या दोघांना जागाच नाही. आपल्याकडचा उघडा स्लॅब वर तोंड करणाऱ्या स्पीकरला चांगला, कारण सपाट आणि कडक. पण पंख्याची पाती वाटेत आली किंवा पीओपीच्या पायऱ्या असल्या की परावर्तन विस्कटतं. तिथे छतालाच दोन छोटे स्पीकर लावा, सोफ्याच्या जरासे पुढे. त्यासाठीही एक्स१७००एच पुरतो. उरलेल्या पैशांचा दुसरा सब घ्या.

ध्वनिरेषा

किंवा एकाच सबवर वर्षभर थांबा आणि रिसीव्हर आत्ताच नीट घ्या. दुसरा सब कधीही जोडता येतो, प्री-आउट नंतर जोडता येत नाहीत.